सुटी चिंचोका पावडर: बकल फिल्मसाठी घ्यावी का?

घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात ती ज्या चिकटपणामुळे, तोच बकल फिल्म, म्हणजे गालाच्या आत चिकटवायची औषधाची पातळ फिल्म, धरून ठेवतो. चिंचोक्यातलं झायलोग्लुकॅन (साखरेच्या कणांची लांब साखळी, म्हणजे पॉलिमर) ओलाव्याने फुगतं आणि श्लेष्मल त्वचेला, म्हणजे गालाच्या आतल्या ओल्या अस्तराला, बिलगतं. त्यामुळे जळगाव, शिरपूर, फैजपूरच्या फार्मसीच्या मुलांनी सरावासाठी सुटी पावडर जरूर घ्यावी. मात्र आणली तशी वापरू नये.

घेताना रंग बघा. मळकट तांबूस छटा म्हणजे टरफल नीट निघालेलं नाही. फिल्म तपकिरी आणि चवीला तुरट होते. पांढरट पावडरीतही प्रथिनं आणि स्निग्धांश असतातच, म्हणून शुद्धीकरण टाळता येत नाही. २० ग्रॅम पावडर २०० मिलि थंड पाण्यात कालवा आणि ८०० मिलि उकळत्या पाण्यात ढवळत सोडा. कोरडी पावडर थेट गरम पाण्यात पडली की गुठळ्या होतात, आतला गाभा कोरडाच राहतो. २० मिनिटं उकळून रात्रभर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवा), वरचं पाणी दुप्पट अल्कोहोलमध्ये ओता. पांढरा लगदा गाळून ५० अंशांवर वाळवा, दळून चाळा.

आता फिल्म. या शुद्ध पावडरचं २ टक्के द्रावण २० मिलि, त्यात पॉलिमरच्या, म्हणजे या पावडरच्या, वजनाच्या ३० टक्के ग्लिसरीन. ग्लिसरीन कमी पडलं तर फिल्म घडी घालताच तुटते, जास्त झालं तर बोटाला चिकटते. ९ सेंमी पेट्रीडिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौसेंमी, २×२ सेंमी तुकड्यात प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबाचं औषध) १० मिग्रॅ हवं असेल तर डिशमध्ये १५९ मिग्रॅ टाका. हा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो आणि मग दोष पॉलिमरवर जातो. बुडबुडे जाईपर्यंत द्रावण झाकून ठेवा. डिश सपाट नसेल तर एका कडेचे तुकडे जाड, म्हणजे तिथे औषधही जास्त.

खानदेशातल्या मे महिन्यात डिश उघडी ठेवून वाळवणं चुकीचंच. वरती साय धरते, खाली ओल राहते, कडा वळतात. ४० अंशांच्या ओव्हनमध्ये, डिशवर फनेल उपडं घालून सावकाश वाळवा. पावसाळ्यात उलटा त्रास: तयार फिल्म हवेतली ओल ओढते, बुरशीही धरते. तुकडे फॉइलमध्ये गुंडाळून सिलिका जेलसोबत ठेवा.

फिल्मच्या एका बाजूला इथाइल सेल्युलोजचा (पाण्यात न विरघळणारा) थर नसेल तर औषध लाळेबरोबर पोटात जातं, आणि यकृताचा पहिला फेरा (रक्तात पसरण्याआधीच यकृतात औषधाचा बराच भाग मोडणं) टाळण्याचा उद्देशच बुडतो. चिकटपणा बकऱ्याच्या गालाच्या आतल्या ताज्या त्वचेवर तपासा, काचेवर नको. पावडरचं प्रत्येक पोतं वेगळं निघतं, तेव्हा नवं पोतं उघडलं की द्रावणाची व्हिस्कोसिटी (दाटपणा) पुन्हा मोजा.