सँक्टम: आधी वाट आखावी, मग बंदूक उचलावी

स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओजने २०११ मध्ये आणलेला 'सँक्टम' हा गेम बुरूज उभारून बचावाची आखणी करणे आणि स्वतः बंदूक घेऊन लढणे ही दोन्ही कामे एकाच खेळाडूवर सोपवतो, आणि त्यातली आखणी मला अधिक मोलाची वाटते. शत्रूची लाट सुटण्यापूर्वी ठोकळे रचून तिच्या वाटेला अशी वळणे द्यायची, की ज्याचे रक्षण करायचे त्या गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधी प्रत्येक शत्रू तोफांच्या माऱ्यात पुन्हा पुन्हा सापडावा. फोंड्याला घरी धाकट्या भावाबरोबर खेळताना तो एकच ठोकळा सरकवतो आणि सरळ येणारी रांग मागे वळून त्याच तोफेसमोरून दुसऱ्यांदा जाते, तेव्हा होणारा आनंद निव्वळ गोळीबाराच्या गेममध्ये मिळत नाही. नेमबाजीही दुय्यम नाही, कारण तोफांमधून निसटलेल्यांना शेवटी आपल्यालाच गाठावे लागते.

२०१३ च्या दुसऱ्या भागात चार निराळी पात्रे आहेत आणि बंदुकांचा अनुभव अधिक सफाईदार आहे. मात्र बुरुजांच्या संख्येवर घातलेली मर्यादा मला जाचक वाटली. ज्यांना चक्रव्यूह रचण्याची हौस आहे, त्यांनी पहिलाच भाग आधी घ्यावा.