पोटाचा हर्निया: दुर्बिणीतून की उघडी शस्त्रक्रिया?

आमच्या खानापूर भागात भाताची सुगी आली की बेंबीजवळची गाठ घेऊनच माणसं पोती उचलतात. ही गाठ म्हणजे हर्निया: पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर फुगतो. अखेर बेळगावला डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न असतो, 'दुर्बिणीतून करायचं की उघडं?'

दुर्बिणीच्या पद्धतीत ५ ते १२ मिलिमीटरची दोन-चार छिद्रं पाडून पोटाच्या आतून ती कमकुवत जागा झाकणारी जाळी बसवतात. जखम लहान असल्यामुळे ती चिघळण्याचा धोका बराच कमी. म्हणून स्थूल आणि मधुमेही माणसांना, तसंच जुन्या टाक्यांच्या जागी आलेल्या मध्यम आकाराच्या हर्नियाला मला हीच पद्धत बरी वाटते. मात्र पूर्ण भूल लागते, खर्च जास्त येतो, आणि आतडी चिकटलेली असतील तर त्यांना इजा होऊ शकते. ही इजा कधीकधी लगेच कळतही नाही, म्हणून सर्जनचा हात सरावलेला हवा.

बेंबीचा हर्निया एक-दोन सेंटिमीटरचा असेल तर उघडी शस्त्रक्रियाच सोपी. छोटासा छेद, बऱ्याचदा फक्त तेवढ्या जागेची भूल, खर्चही आटोक्यात. दहा सेंटिमीटरहून रुंद भगदाडालाही बहुधा पोट उघडूनच स्नायू सैल करून जवळ आणावे लागतात.

हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण दोन्हींत साधारण सारखंच. छिद्रं लहान म्हणून आठवड्यात ऊस तोडायला जाऊ नका; जड ओझं चार ते सहा आठवडे बंदच. तंबाखूही सोडा, जखम भरत नाही. आणि गाठ कडक होऊन दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर तुलना करत बसू नका, त्याच रात्री गाडी काढा.