उंच केलेल्या जिमनीचा मागचा पॅनहार्ड रॉड : जुना ठेवावा, ब्रॅकेट चढवावे की नवा घ्यावा?

मारुती सुझुकीची पाच दारांची जिमनी जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली. तिचा २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स पुरेसा न वाटल्यामुळे लांब स्प्रिंगा बसवून ती ४० ते ५० मिलिमीटर उंच करून घेणारे मालक घाटवाटांवर आता सहज भेटतात. गाडी उंच झाल्याचे गॅरेजमधून बाहेर पडतानाच दिसते, पण तिचा मागचा ॲक्सल एका बाजूला सरकला आहे हे लक्षात यायला पुष्कळदा पंधरा दिवस जातात. त्यानंतर मागच्या आडव्या दांड्याचे काय करायचे, असा प्रश्न उभा राहतो.

जिमनीला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, म्हणजे डावेउजवे चाक जोडणारा एकसंध आडवा आस, आहे. वजन कॉइल स्प्रिंगा पेलतात, ॲक्सलला पुढेमागे सरकू न देण्याचे काम दोन ट्रेलिंग आर्म करतात, आणि त्याला डावीउजवीकडे धरून ठेवणारा दांडा म्हणजे पॅनहार्ड रॉड. याचे एक टोक चेसिसला आणि दुसरे, खालच्या पातळीवर, ॲक्सलला जोडलेले असते. चाके वरखाली होताना खालचे टोक वरच्या टोकाभोवती कंसात फिरते, म्हणून ॲक्सल थोडा आडवाही सरकतो. गाडी उंच केली की हा दांडा कायमचाच अधिक तिरका होतो.

माझ्या गाडीचे काम झाल्यावर मी दोन्ही मागच्या मडगार्डांच्या कडेवरून गवंड्याकडचा ओळंबा सोडला आणि दोरीपासून टायरच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले. एका बाजूला ते दुसरीपेक्षा १४ मिलिमीटरने जास्त भरले. "साहेब, एवढं चालतं," असे मिस्त्री म्हणाले. ते अगदीच चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि ते का अपुरे होते हे थोड्या गणिताने स्पष्ट होते.

समजा, दोन्ही टोकांच्या बोल्टांमधले अंतर ९०० मिलिमीटर आहे आणि मूळ उंचीवर एक टोक दुसऱ्यापेक्षा १०० मिलिमीटर खाली आहे. गाडी ५० मिलिमीटर उंच केल्यावर हा फरक १५० होतो आणि ॲक्सल सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. दोन्ही बाजूंच्या मापांतला फरक त्याच्या दुप्पट, म्हणजे १४, दिसतो. उंची ७५ मिलिमीटर वाढवली तर सरकणे साडेअकराच्या पुढे जाते. हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. चालत्या गाडीत, मूळ उंचीवर चाके ५० मिलिमीटर वर आणि ५० खाली गेली तर ॲक्सल एकूण ११ मिलिमीटर आडवा हलतो. उंच केलेल्या गाडीत तेवढ्याच हालचालीला तो १७ मिलिमीटर हलतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर वळणात असताना गाडीचा पार्श्वभाग कुणी कोपराने ढकलल्यासारखा बाजूला जातो, तो या हलण्यामुळे. मला त्रास झाला तो उभ्या गाडीतल्या त्या ७ मिलिमीटरांचा नव्हे, या हलण्याचा.

मूळ दांडा तसाच ठेवणे हा पहिला पर्याय असून ४० मिलिमीटरपर्यंतच्या उंचीसाठी तो मला पूर्ण समर्थनीय वाटतो. ॲक्सल बाजूला सरकल्याने गाडी एका अंगाला ओढते, हा समज सर्वत्र असला तरी ॲक्सल सरळ आहे की तिरपा हे ट्रेलिंग आर्म ठरवतात, पॅनहार्ड रॉड नव्हे. शिवाय जे नेहमी चार माणसे आणि सामान घेऊन फिरतात त्यांच्या नव्या स्प्रिंगा भाराखाली बसतात आणि दांड्याचा तिरकेपणा आपोआप कमी होतो. त्यांनी माप घ्यायचे तर नेहमीचे वजन भरून घ्यावे.

मूळ दांडा कापून मध्ये तुकडा घालून वेल्डिंगने लांब करणे हा दुसरा पर्याय, आणि तो सर्वांत स्वस्त असल्यामुळेच सुचवला जातो. तो मी कुणालाही सुचवणार नाही. सुमारे १,२०० किलोच्या या गाडीत माणसे बसल्यावर मागच्या ॲक्सलवर ७०० किलोच्या आसपास भार आला, असे धरले तर जोरात घेतलेल्या वळणात त्याच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे चारशे-पाचशे किलोइतका, आडवा जोर मुख्यतः या एकाच दांड्यातून जातो, तोही कधी ताण तर कधी दाब बनून. दांड्याला बाक असेल, तर त्या बाकाजवळ वाकवणारा जोर सर्वाधिक असतो. तिथेच सांधा आला, तर तो पहिल्या दिवशी तुटणार नाही. दीड-दोन वर्षांनी, वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर वाढत जाऊन, एखाद्या उतारावर तुटेल.

तिसरा पर्याय लांबी कमीजास्त करता येणाऱ्या तयार दांड्याचा. याच्या आट्या फिरवून ॲक्सल बरोबर मध्ये आणता येतो आणि पुढे स्प्रिंगा बदलल्या तरी पुन्हा जुळवता येतो. टायर एका बाजूला मडगार्डला किंवा आतल्या भागाला घासत असेल, तर हाच उपाय योग्य आहे. मात्र दांडा तितकाच तिरका राहतो, म्हणून वरचे १७ मिलिमीटर जवळपास १७ च राहतात. पुष्कळ जण हा दांडा बसवून, ओळंब्याने दोन्ही बाजू सारख्या झाल्याचे पाहून समाधान मानतात आणि वळणातला धक्का मात्र पूर्वीसारखाच का लागतो याचे नवल करतात. कोकणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी आट्यांना ग्रीस आणि लॉकनटला रंग लावून ठेवावा; एक पावसाळा दुर्लक्ष झाले की तो नट पान्याला दाद देत नाही.

चौथा पर्याय ॲक्सलकडचे टोक वर उचलणाऱ्या ब्रॅकेटचा. गाडी ५० मिलिमीटर उंच केली आणि टोकही तेवढेच वर घेतले, तर दांड्याचा मूळ कोन परत येतो, ॲक्सल मध्ये येतो आणि आडवे हलणे पुन्हा ११ मिलिमीटरवर येते. मूळ उंचीच्या गाडीसारखी चाल हवी असणाऱ्याला मी हाच पर्याय सुचवेन, पण दोन अटींवर. टोक जितके वर जाते तितका ब्रॅकेटच्या मुळाशी उपटणारा जोर वाढतो, त्यामुळे मूळ पकडीला आधारपट्टी जोडणारेच ब्रॅकेट घ्यावे, नुसत्या एका बोल्टवर उभे राहणारे नको. दुसरी अट अशी की स्प्रिंगा काढून, जॅकने ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे त्याची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत, वर नेऊन, दांडा सायलेन्सरला, टाकीला किंवा चेसिसला कुठेही लागत नाही हे डोळ्यांनी पाहावे. हा तासाभराचा खटाटोप गॅरेजवाले टाळतात.

मागच्या ॲक्सलचे हे गणित पुढच्या ॲक्सलला जसेच्या तसे लावू नये. पुढे स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर असावे लागतात. फक्त रॉडचे टोक उचलले तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळू लागते.

दांड्याच्या टोकांत बोल्टाभोवती बसणाऱ्या नळ्यांबाबत, म्हणजे बुशांबाबत, माझे मत जुन्या पद्धतीचे आहे. रबराचा बुश ॲक्सलला पिळू देतो आणि आवाज करत नाही. पॉलियुरेथेनचा अधिक ताठ असतो, कोरडा पडला की करकरतो. गोळीच्या सांध्याचे टोक स्पर्धेच्या गाडीत शोभते; आपल्या धुळीत आणि चिखलात ते लवकर ढिले पडून खडखडू लागते.

कायद्याची बाजूही निर्णयात धरावी लागेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, आणि कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी उंच करण्याचा विचार करतानाच हे डोक्यात असले पाहिजे, रॉडपर्यंत पोहोचल्यावर नव्हे.

कोणताही पर्याय घेतला तरी दोन्ही टोकांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पूर्ण आवळू देऊ नयेत. आधी सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवावी, दोन-तीन वेळा दाबून बसवावी आणि मगच टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, घट्ट करावेत. अन्यथा रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि नवा बुश काही महिन्यांतच फाटतो. माझ्या पहिल्या बुशाचे तेच झाले होते.