समोरच्या दाताची सिरॅमिक कॅप, इमॅक्स घेतली, कशी निघाली ते सांगते

कॅप मस्त झालीय, पैसे वसूल, पण वेळ खूप खाल्ला. आणि इमॅक्स घेऊ की झिर्कोनिया (दोन्ही कॅपच्या मटेरियलची नावं) यावर लोक जेवढा काथ्याकूट करतात तेवढा मोठा प्रश्न तो नाहीये असं माझं आता मत झालंय. समोरच्या एका दाताचं सगळं गणित शेड, म्हणजे दाताच्या रंगाची छटा, कोण घेतं, कुठल्या उजेडात घेतं आणि कॅप बनवणारा लॅबवाला किती मन लावून काम करतो यावर असतं.

माझा वरचा मधला दात कॉलेजात असताना स्कूटरवरून पडून मेला, रूट कॅनल झालं आणि वर मेटल सिरॅमिकची कॅप बसली, आमच्याकडे तेव्हा सगळे तीच बसवायचे. त्यात आत धातूची टोपी असते, तो धातू दिसू नये म्हणून त्यावर अपारदर्शक थर आणि मग सिरॅमिक, म्हणजे उजेड आत शिरतच नाही, तिथूनच परत फिरतो. खऱ्या दातात उजेड थोडा आत जातो म्हणून तो जिवंत दिसतो. माझा तो दात फोटोत फ्लॅश पडला की बाथरूमच्या टाइलसारखा एकटाच चमकायचा. त्यात वयानुसार हिरडी वर सरकली आणि कडेला काळी रेघ दिसायला लागली, मग लग्नकार्यात ओठ मिटून हसायची सवयच लागली.

आधी एका ठिकाणी गेले होते, नाव नाही घेत. तिथे पाच मिनिटांत मला पांढऱ्याशुभ्र ब्लीच शेडची झिर्कोनिया आणि १५ वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड दाखवलं, वर म्हणे मॅडम शेजारचा पण करून टाकू, दोन्ही एकसारखे होतील. आता यात खोटं काही नाही, मधला एकटा दात शेजारच्याशी जुळवणं हे दातांच्या कामातलं सगळ्यात अवघड काम मानतात आणि जोडीने केले तर सोपं जातं. पण कॅपसाठी दात चोहोबाजूंनी साधारण १ ते दीड मिलिमीटर घासतात, खालच्या टोकाला त्याहून जास्त, आणि घासलेला दात काय परत उगवत नाही. शेजारचा धडधाकट दात कशाला घासायचा? आणि ते वॉरंटी कार्ड नीट वाचा, कॅप फुटली तर कॅप मिळते, आतला दात किडला किंवा हिरडी उतरली तर त्याचं काही नाही त्यात.

मग कुडाळला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले, माझ्या नणंदेने सांगितलं म्हणून. मला काकी म्हणते, बोलायला मोकळी. तिने पहिल्या भेटीत मशीनला हातच लावला नाही. मला खिडकीपाशी नेलं, लिपस्टिक पुसायला लावली, खुर्चीवरचा मोठा लाइट बंद केला आणि व्हिटा कंपनीची शेड पट्टी, म्हणजे रंग जुळवून बघायचे नमुने, काढली, १६ शेड असतात त्यात, ए१ पासून डी४ पर्यंत, ए म्हणजे लालसर तपकिरी, बी लालसर पिवळट, सी करडा, डी लालसर करडा, आणि आकडा वाढला की रंग गडद. घासायच्या आधीच शेड का, तर तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि सुकले की आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात, मग त्यावरून बनवलेली कॅप दुसऱ्या दिवशी उपरी वाटते. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. माझा शेजारचा दात हिरडीपाशी ए३ निघाला, मधे ए२ आणि खालची कड जवळजवळ काचेसारखी निळसर. शिवाय त्यावर एक बारीक पांढरा ठिपका आहे, तो मला आयुष्यात दिसला नव्हता. शेडची पट्टी दाताला लावून तिने फोटो काढले आणि लॅबला पाठवले.

मटेरियलचं तिने असं सांगितलं. इमॅक्स म्हणजे लिथियम डायसिलिकेट, लिक्टेनस्टाइन देशातल्या इव्होक्लार कंपनीची, २००५ सालापासून बाजारात आहे, दिसायला खऱ्या दाताच्या जास्त जवळ. ताकद साधारण ४०० मेगापास्कल (ताकद मोजायचं माप). झिर्कोनियाची जुनी पांढरी जात १००० च्या आसपास आणि वर, पण ती जास्त अपारदर्शक, आणि जी नवी जास्त पारदर्शक झिर्कोनिया येते तिची ताकद त्याहून बरीच कमी असते. म्हणजे "झिर्कोनिया तुटतच नाही" असं कुणी म्हणालं तर कुठली झिर्कोनिया ते विचारा. झोपेत दात खाण्याची सवय असेल किंवा खुंट, म्हणजे कॅपच्या आतला घासलेला दात, फार काळा असेल तर डॉक्टर झिर्कोनियाकडे वळते, कारण इमॅक्समधून काळा खुंट डोकावतो. म्हणून जुनी कॅप काढून बघेपर्यंत तिने काही कबूलच केलं नाही. माझा खुंट मध्यम काळपट निघाला, मग इमॅक्सच पण कमी पारदर्शक जातीची. आणि हेही आधीच सांगितलं की काकी, काळी रेघ सगळी जाईल असं नाही, काही वेळा ती धातूची नसते, मेलेल्या मुळाची सावली हिरडीतून दिसते. माझी बऱ्यापैकी गेली, अगदी जवळून बघितलं तर किंचित आहे.

आता तक्रारी. माप घेतल्यावर प्लॅस्टिकची टेम्पररी कॅप देतात, ती माझी घावणे खाताना सुटली, घावण्यासारखी मऊ वस्तू जगात नाही तरी. क्लिनिकचा फोन कुणी उचलेना, शेवटी तशीच गेले आणि रिसेप्शनवरची मुलगी म्हणे अपॉइंटमेंट आहे का. लॅब कोल्हापूरला, भर पावसात कुरिअर घाटात अडकलं आणि मी घरी बसले. भरीत भर म्हणजे पहिली कॅप आली ती डॉक्टरलाच पसंत पडली नाही. मला चालली असती खरं तर. रंग बरोबर होता पण पुढचा भाग फार सपाट, शेजारच्या दातावर बारीक आडव्या लाटा आहेत त्या नव्हत्या, त्यामुळे उजेड वेगळा पडत होता. तिने ती नुसती अडकवून मला पुन्हा त्याच खिडकीत उभं केलं, हसायला लावलं, बोलायला लावलं, "फ" आणि "व" म्हणायला लावलं, आणि परत लॅबला धाडली. चिडले होते तेव्हा, पण सिमेंट लागल्यावर शेड बदलता येत नाही, कॅप फोडूनच काढावी लागते, त्यामुळे तिचंच बरोबर होतं. जो डॉक्टर चिकटवायच्या आधी आरसा हातात देत नाही त्याच्याकडे समोरचा दात करू नका.

दुसऱ्या वेळी तो पांढरा ठिपकासुद्धा होता! चिकटवताना कॅपची आतली बाजू ॲसिडने खरखरीत करतात, वर एक द्रव लावतात आणि मग रेझिन सिमेंट, त्या वेळी थुंकी लागली तर पकड जाते, म्हणून रबराचा पडदा लावून तोंड कोरडं ठेवतात, ते जरा गुदमरल्यासारखं होतं.

सासूबाई दृष्टीने पक्क्या आहेत, सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. त्यांनी निरखून निरखून बघितलं आणि विचारलं, "गो, नवो दात खंयचो तो?" आणि बोट ठेवलं ते दुसऱ्याच दातावर.

खाण्यापिण्याचं विचाराल तर सोलकढी, चहा, हळद कशाचाही डाग कॅपवर बसत नाही, तिला वरून चकाकी दिलेली असते. पण तुमचे बाकीचे दात पिवळे पडतात आणि कॅप आहे त्याच रंगाची राहते, आणि नंतर ब्लीच केलं तरी कॅपचा रंग हलत नाही, तेव्हा दात उजळ करून घ्यायचेच असतील तर आधी करा आणि मग शेड घ्या. कुर्लीची (खेकड्याची) नांगी समोरच्या दातांनी फोडायला बंदी आहे, आता पाटा-वरवंटा. काजूगर चालतात पण मागच्या दातांनी.

खर्च मला जुनी कॅप काढण्यासकट १३ हजार आला, तिथेच मेटल सिरॅमिक ५ हजारात होती आणि झिर्कोनिया ब्रँडप्रमाणे ९ ते १५. मागच्या दाढेला मी एवढे पैसे घालणार नाही, तिथे कोण बघतंय. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या आणि त्यावर मटेरियल आणि शेड लिहून घ्या, पुढे दुसऱ्या दाताचं काम निघालं तर लागतं. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि बाजाराच्या दिवशी खाली गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा तो दिवस टाळा.