वांग्याचा डाग आणि भेंडीचा चिवटपणा: दोन एन्झाइमं

वांगं चिरून पाण्यात टाकायला जरा उशीर झाला की फोडी काळपट पडतात. हे मुख्यतः पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या एन्झाइमचं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं काम. त्याच्या गाभ्यात तांबं असतं आणि त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. एरवी ते प्लास्टिड या पेशीतल्या छोट्या कप्प्यात कोंडलेलं असतं, आणि ज्यांवर ते काम करतं ती फिनॉल नावाची रसायनं रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत. सुरी फिरली की दोघांची गाठ पडते. त्यातून होणारी क्विनोनं नावाची रसायनं प्रथिनांना चिकटतात, आणि पान कुरतडणाऱ्या अळीला ते पचायला जड जातं. आपल्याला डाग दिसतो, झाडाचा तो बचाव! चहाची पानं चुरडून काळी होतात तीही याच एन्झाइमच्या जोरावर. ग्रीन टीसाठी आधीच उष्णता देऊन त्याला गप्प करतात.

दुसरं एन्झाइम पेरॉक्सिडेज. त्याच्या गाभ्यात लोह, आणि त्याला हवं हायड्रोजन पेरॉक्साइड. माझ्या मते झाडाच्या संसारात हेच जास्त राबतं, कारण रोजचं बांधकाम त्याच्याकडे: पेशीभित्तिकेत लिग्निन, म्हणजे झाडाला कडकपणा देणारा पदार्थ, जुळवणं. जून भेंडी दाताला चिवट लागते त्यात याचा हात असतो.

उष्णतेलाही ते सहसा जास्त दाद देत नाही. म्हणून एन्झाइमं थांबवायला गोठवायचे मटार उकळत्या पाण्यातून काढल्यावर याचीच चाचणी घेतात: हे थांबलं तर बाकीचीही थांबली असं धरतात. ग्वायकॉल (पेरॉक्सिडेजमुळे रंग धरणारं रसायन) आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकून तांबूस-तपकिरी रंग चढला, तर उकळणं कमी पडलं.