एसटीपीच्या ब्लोअरचं काम: पैसे वसूल, पण 'झिरो बिल' विसरा

आमची सोसायटी घोडबंदर रोडला. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, तळघरात आणि खजिनदार म्हणून त्याचं वीजबिल माझ्या डोक्यावर.

ठेकेदाराच्या कोटेशनवर मोठ्या अक्षरांत 'झिरो बिल', म्हणजे बायोगॅसवर प्लांट स्वतःची वीज स्वतःच भागवेल. ते सोडून द्या. एसटीपीची निम्म्याच्या आसपास वीज सांडपाणी साफ करणाऱ्या जिवाणूंसाठी टाकीत हवा मारण्यातच जाते, त्यामुळे खरी बचत तिथेच. जुना ब्लोअर रात्रंदिवस एकाच वेगाने घरघरायचा, मध्यरात्री सांडपाणी येवो न येवो. ठेकेदाराने व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवला, टाकीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर सोडला आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहील असा वेग बांधून दिला. टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे फाटलेले डिफ्यूजरही बदलले. आधी एका कोपऱ्यात भसाभसा मोठे बुडबुडे यायचे, आता अख्ख्या टाकीवर सोड्यासारखे बारीक. बिल पुढच्याच महिन्यात उतरलं. काम चोख, वाद नाही.

बायोगॅसचं मात्र निव्वळ गाजर. ऑस्ट्रियातला स्ट्रास गावचा सांडपाणी प्लांट 2005 पासून स्वतःची वीज भागवून वर उरवतो, हे खरं. पण तिथे अनेक गावांचा गाळ बंद टाकीत कुजवून मिथेन काढतात. आमच्याकडे तेवढा गाळ आणणार कुठून? त्यापेक्षा गच्चीवर सोलर लावा, ते पटतं.

एक तक्रार. सेन्सरच्या टोकावर चिकटा बसला की आकडा कमी दिसतो आणि ब्लोअर उगाच पळतो. तो नियमित पुसायचा असतो हे त्यांनी सांगितलंच नाही, आमच्या ऑपरेटरने हुडकलं. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) हे कलम आधीच लिहून घ्या. एक स्टार त्याचा कापला.