सर्वर हॅक झालाय सांगून 16,799 रुपये उकळले, इंदूरवाल्यांनो सावध राहा

धनत्रयोदशीला, म्हणजे 29 ऑक्टोबर 2024 ला, आमच्या साइटवर फराळाच्या ऑर्डरींचा धुमाकूळ चालू असताना फोन आला, "मॅडम, आपका सर्वर हॅक हो रहा है." असे फोन कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको, मलाही माहीत आहे, पण याने केवायसी नाही, बँक नाही, काहीच काढलं नाही. सायबरपॅनल नावाच्या होस्टिंग पॅनलमध्ये (जिथून साइट आणि तिचा सर्वर सांभाळतात) भोक सापडलंय, पासवर्ड न टाकता कोणीही आत शिरून अख्खा सर्वर ताब्यात घेतो, फायली लॉक करून खंडणी मागतात, जगभरात 22 हजार सर्वर उघडे पडलेत असं म्हणाला आणि वर बातमीची लिंकही पाठवली. बातमी खरी होती हो! अगदी ताजी. ऐन दिवाळीत कोण नाही घाबरणार?

मग म्हणे तुमच्या साइटच्या नावापुढे 8090 टाकून उघडा. उघडेना. "देखा, हॅकर ने बंद कर दिया."

इथेच फसले. 8090 हा पोर्ट, म्हणजे सर्वरच्या दाराचा नंबर, त्यावर सायबरपॅनल उघडतं, आमचं आहे सीपॅनल, दुसरंच पॅनल, ते 2083 वर. सायबरपॅनल आमच्याकडे कधी नव्हतंच, तर उघडणार काय, कपाळ? रोज लॉगिन करते, तिथे ढळढळीत नाव लिहिलेलं असतं, आणि तरी त्या पाच मिनिटांत ते आठवलं नाही याचा इतका संताप येतो की काय सांगू. पुण्याचा भाचा आता म्हणतो, आत्या, एवढं साधं कसं कळलं नाही. अरे, मला पोर्ट शिकवायला कोण आलं होतं? मी बेसन-मैदा बघते.

4,999 "पॅच"चे घेतले. खऱ्या सायबरपॅनलचा पॅच फुकट असतो, ते पॅनलच मुळात फुकट मिळतं! आणि त्या हल्ल्यात ज्या फायली नावाच्या शेवटी .psaux लागून लॉक झाल्या, त्या सोडवायचं टूलही संशोधकांनी फुकट दिलं होतं. मग "क्लीनअप"चे 10,000 अधिक 18 टक्के जीएसटी, 11,800. पक्कं बिल आलं ना, म्हणून विश्वास बसला. जीएसटी नंबर 15 अक्षरी असतो, यावर 14 होती, तेव्हा कोण मोजत बसतं. तुम्ही मोजा, जीएसटीच्या साइटवर टाकून बघा. पासवर्ड त्याने स्क्रीन शेअरवर बदलला आणि संध्याकाळी आमच्या साइटवर चिवड्याऐवजी सट्ट्याची जाहिरात! परत हवी तर 25,000 म्हणाला. नाही दिले.

पोलिसांचं तर विचारूच नका. ठाण्यात म्हणाले सायबरवाल्यांकडे जा, तिथे म्हणाले आधी ठाण्यातून लिहून आणा, एक साहेब तर म्हणे, "आपने खुद ही तो भेजे हैं." अहो, लुटलेल्या माणसाला हे ऐकवायला पगार घेता का? बँक म्हणे यूपीआय पिन तुम्हीच टाकलात. होस्टिंगवाल्यांनी माझ्या तक्रारीचं तिकीट बंद करून वर रेटिंग मागितलं!! ठाण्याच्या बाकावर बसून बसून पाठ धरली माझी, घरचे म्हणतात सोडून दे. का सोडू?

पैसे गेले की लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, आधी नवऱ्याला नाही. स्क्रीन शेअर कुणालाही देऊ नका. आपलं पॅनल कोणतं ते आजच लिहून ठेवा, बॅकअप घरच्या हार्ड डिस्कवर घ्या, माझी साइट बॅकअपनेच वाचली, भाच्याने दोन रात्री जागून उभी केली. तक्रारीचं स्टेटस अजून "अंडर प्रोसेस" आहे, आणि त्या माणसाचा नंबर परवापर्यंत चालू होता.